मोह वेचणारी पोर आणि राहिलेला पेपर



होळी होऊन गेली की मोठ्या शहरांतल्या मासिकांतून वसंताची वर्णने सुरू होतात. कोकिळा, आंब्याचा मोहोर, मंद वारा वगैरे. वाचायला बरे वाटते. आमच्या घरांतल्या वसंताला मात्र कोकिळा ऐकायची सवड नसते. ह्या दिवसांत कामकरी माणसाच्या दारात चार गोष्टी एकदम येऊन उभ्या राहतात. रानातला मोह, लग्नसराई, बाबासाहेबांच्या जयंतीची तयारी आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची परीक्षा. पहिल्या तिन्हींची चर्चा घरोघर, चौकात, विहारात होते. चौथीची चर्चा मात्र ज्याची परीक्षा असते त्याच्या मनातल्या मनातच चालते. आज त्या चौथ्या गोष्टीविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

आमची एक मावसबहीण आंबागडला दिलेली आहे. आंबागड म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातले डोंगरपायथ्याचे गाव. डोंगरावर किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद शाहाचा सरदार राजाखान याने तो १७०० सालच्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचे साचलेले पाणी प्यायला लावत आणि ते त्या पाण्यानेच मरत, असे जुनी माणसे सांगतात. आज किल्ल्यावर फिरायला येणारे लोक भिंती पाहतात, फोटो काढतात आणि परत जातात. खालच्या वस्तीतल्या माणसांचे दिवस धानाचा बांध, रानातला मोह, विडीचे सूप आणि तुमसरच्या राईस मिलमधली हमाली ह्यांतच जातात.

ह्या बहिणीची मुलगी तुमसरच्या एका कॉलेजात बी.ए.ला होती. घराण्यातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतातली ही गोष्ट. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊनच लिहीत आहोत. नाव मात्र देत नाही. तशी नाव देण्याची गरजही नाही. वाचताना पुष्कळांना आपल्याच घरातले नाव आठवेल.

तिचा दिवस कसा असे, ते आधी सांगतो. तुमसर तिथून बारा-तेरा किलोमीटर. सकाळच्या एस.टी.ने जायचे. विद्यार्थ्यांच्या पासात दोन तृतीयांश सवलत असते, म्हणून महिन्याचे भागते. एक गाडी हुकली की पहिले दोन तास गेले. डब्यात भाकर आणि कधी वांग्याची, कधी लाखोरीच्या डाळीची भाजी. चौघी मैत्रिणींचे डबे एकत्र उघडले की मेजवानी. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला. हिरवी चिंच, मीठ, तिखट आणि हसणे. कुणाच्या वहीत कुणाची चिठ्ठी सापडली म्हणून दोन दिवस रुसवा, तिसऱ्या दिवशी पुन्हा एकाच बाकावर. जयंतीला विहारात भाषण करायचे म्हणून आठ दिवस पाठांतर. ही सगळी सुखे खरी आहेत, आणि ती मुलींना मिळालीच पाहिजेत. आमच्या आयाबहिणींना ह्यांतले एकही मिळाले नव्हते.

आता दुसरी बाजू. आदल्या वर्षी तिचा इंग्रजीचा पेपर राहिला होता. एटीकेटी लागली म्हणून पुढच्या वर्गात गेली. घरी सांगितले, "पास झालो." ते खोटे नव्हते आणि पुरते खरेही नव्हते. तिसऱ्या वर्षाला शिष्यवृत्तीची वाट पाहिली. मैत्रिणींच्या खात्यात पैसे आले, हिच्या खात्यात आले नाहीत. विचारायचे कुणाला? बाबा मिलमध्ये पोती वाहतात, आईला वाचता येत नाही. मग परीक्षेचा अर्ज भरायची तारीख आली. चालू वर्षाचे पेपर, वर राहिलेला इंग्रजीचा पेपर, सगळ्यांची मिळून फी. आज भरू, उद्या भरू करता करता तारीख निघून गेली. ती कुणाला काही बोलली नाही. त्याच सुमारास नात्यातून एक स्थळही सांगून आले होते. मुलगा कंपनीत लागलेला. मे महिन्यात उरकून टाकू म्हणत होते. पोरीने मनाशी ठरवले, पेपर द्यायचे नाहीत, घरातले म्हणतील ते करायचे. किल्ल्यातले कैदी दुसऱ्याने कोंडलेले होते. आमच्या पोरीने स्वतःच स्वतःला कोंडून घेतले.

आम्ही त्याच सुमारास आंबागडला मुक्कामी होतो. मोह पडायला लागला होता. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोहाची फुले रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. उन्हाच्या आधी झाडाखाली जावे लागते, नाहीतर गुरे आणि रानातली जनावरे आधी पोचतात. अस्वलाला मोह फार प्रिय, म्हणून बाया एकट्या जात नाहीत, चार-पाच जणी मिळून जातात. टोपल्या भरून आणायच्या, अंगणात वाळत घालायच्या. वाळल्यावर वजन फार घटते, पण जो पैसा येतो तो रोख येतो. हंगाम उणापुरा महिनाभराचा. त्यानंतर मे महिन्यात तेंदूपत्ता, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. पावसाळ्याचे बियाणे, पोरांच्या वह्या, दवाखाना, सगळे ह्या दोन महिन्यांतल्या कमाईवर. म्हणून मोहाच्या दिवसांत घरातले कोणी "नाही" म्हटले तर आईचा पारा चढणारच.

दरवर्षी ह्या मायलेकींचे ह्यावरून वाजायचे. "पेपर हाये न माय!" "पेपर दुपारी हाय, मोवा सकाळी पडते!" असा तो नेहमीचा तंटा. त्या वर्षी मात्र तंटा झालाच नाही. पोरगी पहाटे चारला आपण होऊन उठायची, टोपली घ्यायची आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागायची. आम्हाला कौतुक वाटले. आम्ही बहिणीला म्हटले, "लेक शहाणी झाली हो."

बहीण चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "दादा, मले लिहता-वाचता येत नाही, पण पोरीचं तोंड वाचता येते. मोवा येचाले ते भांडत नाही, मंजे कायतरी बिघडलं हाय. कालेजात जाणारी पोर परीक्षेच्या महिन्यात मोव्याच्या मागं लागते का?"

वाचकहो, आम्ही इतकी वर्षे लिहिण्यावाचण्यात घालवली, पण आम्हाला जे दिसले नाही ते त्या माउलीला दिसले.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली तिने पोरीला विचारले. रागाने नाही. टोपली बाजूला ठेवली आणि नुसते म्हणाली, "काहून व बाई, पेपर द्याचा नाही का?" पोरगी आधी गप्प राहिली. मग रडू फुटले आणि सगळे बाहेर आले. इंग्रजी राहिले, पैसे आले नाहीत, तारीख गेली. शेवटी म्हणाली, "माय, मी शिकून का करू? तुमचा पैसा वाया जाते."

आईने काय उत्तर द्यावे? ती म्हणाली, "वाया गेला तं माया जाईल. तू काहून रडते? टोपली उचल, घरी चाल, मामाले विचारू." मामा म्हणजे आम्ही.

आम्ही त्याच दिवशी पोरीबरोबर तुमसरला गेलो. कॉलेजातल्या कारकुनाने नीट चौकशी केली. अर्जाची पहिली तारीख गेली होती, पण विलंब शुल्क भरून अर्ज घेण्याचे दिवस अजून बाकी होते. पोरीला हे ठाऊकच नव्हते. तारीख गेली म्हणजे सगळेच गेले, असे ती धरून बसली होती. शुल्काचे पैसे आईने दिले. दोन दिवसांपूर्वीच विकलेल्या वाळल्या मोहाचे होते. नोटांना मोहाचा वास येत होता.

शिष्यवृत्तीची गोष्ट तर आणखी वेगळी निघाली. पैसे आले होते! पण आजकाल ही रक्कम अर्जावर लिहिलेल्या खात्यात जाते असे नाही. जे खाते आधार क्रमांकाशी जोडलेले असते त्यात ती जाते. शाळेत असताना पोरीचे एक खाते काढले होते, ते आधारला जोडलेले राहिले. कॉलेजसाठी दुसरे खाते काढले, ते जोडलेच नव्हते. पैसे जुन्या खात्यात शांत पडून होते, आणि त्या पैशांअभावी एक मुलगी शिक्षण सोडायला निघाली होती. कुणाचाच दोष नव्हता. फक्त विचारायला कोणी नव्हते.

ही शिष्यवृत्ती म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे, हेही इथे सांगितले पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि १९४४ पासून ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या. त्यासाठी समाजाने वर्षानुवर्षे लढा दिला आणि १९९० साली अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झाला. म्हणजे पोरीच्या खात्यात पडून राहिलेल्या त्या रकमेमागे दोन पिढ्यांची धडपड उभी होती. ती रक्कम वेळेवर हातात येते की नाही, हे पाहणे हेसुद्धा चळवळीचेच काम आहे.

पोरगी परतीच्या गाडीत आम्हाला म्हणाली, "मामा, बाबासाहेबांचा कधी पेपर राहिला नसेल न जी?"

आम्ही तिला जे सांगितले ते इथे लिहितो. आपण बाबासाहेबांचा फोटो पाहतो, हातात पुस्तक, अंगात कोट, पदव्यांची भली मोठी रांग. विद्यार्थी भीमराव मात्र आपल्याला दिसत नाही. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. तिथले पहिले काही महिने मित्रांबरोबर फिरण्याखेळण्यात गेले, असे चरित्रकार सांगतात. मग एके दिवशी आपण कशासाठी आलो हे मनाला टोचले आणि अभ्यासाची बैठक सुरू झाली. १९१६ च्या ९ मे रोजी, म्हणजे तिथल्या वसंतातच, पंचविसाव्या वर्षी त्यांनी कोलंबियात भारतातल्या जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. पुढे लंडनला गेले, तर शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. तिथे रुपयाच्या प्रश्नावरचा मोठा प्रबंध लिहिला. १९२३ साली परीक्षकांनी तो पुन्हा लिहून द्यायला सांगितले. एवढ्या विद्वानाला! त्यांनी निष्कर्ष सोडले नाहीत, लिखाण नव्याने केले, परत पाठवले, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. पदवी मिळाली. मग आंबागडच्या पोरीला इंग्रजीचा पेपर पुन्हा द्यायला लाज कसली?

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांना आणखी एक आठवण करून देतो. १९५४ च्या मे महिन्यात बाबासाहेब भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे होते आणि हरले. त्या परीक्षेत नापास कोण झाले, उमेदवार की मत देणारे, हे आज सांगायला नको. निकालाच्या कागदावर जे छापले जाते तेवढ्यावर माणसाची किंमत ठरत नसते.

परीक्षेच्या महिन्यात पोरीचे दुसरे टोक झाले. इतके दिवस वाया घालवले म्हणून ती रात्र रात्र जागू लागली. जेवण सुटले, डोके दुखू लागले, पाठ केलेले सकाळी आठवेना. तेव्हा वस्तीतल्या विहारात येणाऱ्या एका वयस्क उपासकांनी तिला सोण थेराची गोष्ट सांगितली. सोण हा श्रीमंत घरचा तरुण भिक्खू झाला. साधना करता करता इतका चालला की पायांतून रक्त आले. तरी मनासारखे घडेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तथागत त्याच्याकडे आले आणि विचारले, तू घरी असताना वीणा वाजवत होतास ना? तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार ढिल्या सोडल्या तर? तरीही नाही. मग प्रयत्नाचेही तसेच आहे. पोरीला हे पटले. रात्री अकराला दिवा मालवायचा, पहाटे उठायचे असे तिने ठरवले.

आणि मोहाचे काय झाले? त्याची तोड बायांनीच काढली. झाडाखाली जाणाऱ्या चौघी जणी म्हणाल्या, "पोरीच्या वाट्याची टोपली आमी भरतो, तू तिले अभ्यासाले बसव." पेपरांचे पंधरा-वीस दिवस त्यांनी आळीपाळीने ते केले. त्यांतल्या एकीचीही मुलगी कॉलेजात नव्हती. स्थळ घेऊन आलेल्यांना बापाने सांगितले, "पोरगी परीक्षा देऊन रायली. थांबत असान तं थांबा." ते थांबले नाहीत. घरात कोणी रडले नाही.

निकाल? सिनेमात दाखवतात तसे काही झाले नाही. इंग्रजीचा पेपर सुटला, थोडक्या गुणांनी. पण अर्थशास्त्राचा एक पेपर अडकला. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिने सगळे घरात बसून सांगितले, गुणपत्रिका बापासमोर ठेवली आणि हिवाळी परीक्षेची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकली. हिवाळ्यात तोही पेपर सुटला. आज ती पदवीधर आहे. स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरते, आणि संध्याकाळी विहारात वस्तीतल्या पोरांना इंग्रजी शिकवते. होय, इंग्रजीच!

आईबापांना आमची विनंती आहे. आपल्याला अभ्यासातले कळत नाही म्हणून गप्प बसू नका. पुस्तक कळले नाही तरी चालेल, पोराचे तोंड वाचा. निकाल लागला की "पास का नापास" एवढेच विचारू नका, "कोणता पेपर जड गेला" तेही विचारा. परीक्षेच्या अर्जाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. कोणते खाते आधारशी जोडले आहे, हे बँकेत जाऊन एकदा पाहून घ्या. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला आयत्या वेळी शोधत बसू नका. जयंती दरवर्षी १४ एप्रिललाच येते आणि परीक्षाही त्याच सुमारास येतात. रात्री दहानंतर विहाराजवळ भोंगा बंद ठेवला तर बाबासाहेबांना राग येणार नाही, आनंदच होईल. विहाराची एक खोली दोन महिने अभ्यासासाठी उघडी ठेवणे हीदेखील जयंतीच आहे.

आणि मुलामुलींनो, तुम्हालाही एक सांगणे. पेपर राहिला तर तो राहिला, माणूस राहत नाही. जे झाले ते घरात सांगा. घरात सांगता येत नसेल तर मैत्रिणीला, मामाला, सरांना, विहारातल्या ताईला सांगा. फारच अंधारून आले, जगू नये असे वाटू लागले, तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस सुरू आहे. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. एका पेपरसाठी आपल्या घरातले एकही लेकरू गमवायचे नाही.

परवा बहिणीचा फोन आला होता. यंदाही मोह पडायला लागला आहे म्हणाली. विचारले, "लेक येते का वेचायला?" हसून म्हणाली, "येते न, दादा. पण आता पुन्हा भांडते. म्हंजे सगळं बरं हाय."

जयभीम! नमो बुद्धाय!